परमुलखात संगणकाचे काम शिकण्याच्या वाटा

परमुलखात गेलेल्या माणसाला दोन अडचणी येतात. पहिली भाषेची. दुसरी कागदाची.

आपल्या गावात माणसाला सगळे ओळखतात. अमक्याचा मुलगा हुशार आहे, त्याच्या हाताला कसब आहे, हे सांगायला दहा जण पुढे येतात. परमुलखात असे सांगणारे कोणी नसते. तिथे काम मागायला गेले की विचारतात, "प्रमाणपत्र कुठे आहे?" प्रमाणपत्र पुढे केले की म्हणतात, "हे तुमच्या देशाचे. याची किंमत आम्हांला कशी कळावी?" मग काल जो आपल्या देशात इंजिनियर होता, तो आज तिथे हॉटेलात भांडी घासतो. ज्याच्याजवळ मुळात प्रमाणपत्रच नाही, त्याची गोष्ट तर बोलायलाच नको.

अशा माणसाने जन्मभर हमालीच करावी काय? की शिकून चांगल्या धंद्यात शिरायला त्याला एखादी वाट असते? जर्मनी देशात या प्रश्नाचे उत्तर काही लोकांनी कसे शोधले, ते आता पाहू. जर्मनीच का, असे कोणी विचारील. कारण अलीकडे आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतून जर्मनीचे नाव फार ऐकू येते. "मुलाला जर्मनीला पाठवतो," असे सांगत फिरणारे दलालही दिसू लागले आहेत. तेव्हा खरे काय आणि खोटे काय, हे माहीत असलेले बरे.

देशात माणसे कमी, दारात माणसे फार

जर्मनी हा युरोप खंडातला मोठा देश. लोकवस्ती आठ कोटींच्या वर, म्हणजे आपल्या महाराष्ट्रापेक्षा कमीच. तिथे वयस्कर माणसे पुष्कळ आणि मुले थोडी. कारखान्यातला, इस्पितळातला, कचेरीतला एक माणूस निवृत्त झाला, की त्याच्या जागी दुसरा मिळणे कठीण जाते.

अशा देशात 2015 साली एक मोठी घटना घडली. सीरियात 2011 पासून यादवी युद्ध पेटले होते. अफगाणिस्तान आणि इराक इथेही शांतता नव्हती. घरदार सोडून निघालेली माणसे समुद्र ओलांडत, पायी चालत जर्मनीत पोचली. त्या एका वर्षात सुमारे नऊ लाख माणसे आली. त्यांत शेतकरी होते, दुकानदार होते, शाळा अर्धवट सुटलेली पोरे होती, तसेच शिकलेले इंजिनियरही होते. पुष्कळांची कागदपत्रे वाटेत हरवली होती किंवा घराबरोबर जळून गेली होती.

आता असे पाहा. जर्मनीत डॉक्टर, परिचारिका, वकील यांना सरकारी मान्यता असल्याशिवाय आपला धंदा करता येत नाही. परदेशी डॉक्टरला तिथे कागद तपासून घ्यावे लागतात, परीक्षा द्याव्या लागतात. त्यात वर्षे जातात. आणि ते रास्तही आहे. रोग्याच्या जिवाशी खेळ नको.

संगणकाच्या धंद्याला मात्र अशी सरकारी मान्यता लागत नाही. संगणक म्हणजे कॉम्प्युटर. तुमच्या खिशातला मोबाइल हाही एक लहान संगणकच. संगणकाला काय करायचे ते पायरीपायरीने लिहून द्यावे लागते. या लिहिण्याला प्रोग्रॅमिंग म्हणतात. बँकेतले हिशेब, रेल्वेची तिकिटे, दवाखान्यातल्या नोंदी हे सगळे असल्या लिहिण्यावर चालते. हे लिहिणारा, किंवा दहा संगणक एकमेकांना जोडून ते चालू ठेवणारा, अशा माणसाला मालक एकच विचारतो : "काम येते का?" येत असेल तर दाखवता येते. तिथल्या तिथे पडताळता येते. म्हणून परक्या माणसाला या धंद्याचे दार इतर धंद्यांपेक्षा थोडे अधिक उघडे असते. देशात राहण्याचा परवाना ही गोष्ट निराळी. तिच्याकडे पुढे येऊ.

पगारी उमेदवारी

आपल्याकडे सुतार कसा तयार होत असे? पोरगा सुताराच्या हाताखाली जाई. आधी भुसा झाडी, मग रंधा धरी, मग एक दिवस चौकट करी. याला आपण उमेदवारी म्हणतो. आपल्या आय.टी.आय.च्या मुलांना 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात घेतात, तेही याच जातीचे.

जर्मनीत ही पद्धत फार जुनी आहे आणि तिथल्या लोकांना तिचा अभिमान आहे. तिला ते आउसबिल्डुंग म्हणतात. सुतार, गवंडी, न्हावी, पाववाला, बँकेतला कारकून हे सगळे तिथे उमेदवारीतूनच तयार होतात. 1997 साली जर्मनीने संगणकाच्या कामालाही उमेदवारीत घेतले. त्या धंद्याचे नाव फाखइन्फॉर्माटिकर. उच्चार अवघड आहे खरा, पण अर्थ सोपा : संगणकाचा कसबी कामगार. त्यात प्रथम दोन शाखा होत्या. एक प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची, दुसरी संगणकांची जोडणी आणि देखभाल करणाऱ्यांची. 2020 साली आणखी दोन शाखा जोडल्या.

ही उमेदवारी तीन वर्षांची. उमेदवार आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत काम करतो आणि एक-दोन दिवस सरकारी धंदेशाळेत जातो. काही ठिकाणी सलग काही आठवडे शाळा आणि सलग काही आठवडे काम, असेही असते. शाळेला फी नाही. उलट कंपनी उमेदवाराला दरमहा पगार देते. हा पगार किती असावा याची खालची मर्यादा कायद्याने 2020 पासून ठरवून दिली आहे. 2025 साली उमेदवारी सुरू करणाऱ्याला पहिल्या वर्षी महिन्याला निदान 682 युरो, दुसऱ्या वर्षी 805 आणि तिसऱ्या वर्षी 921 युरो द्यावे लागत. युरो हे तिकडचे नाणे. 2025 साली एका युरोला शंभर रुपयांच्या आसपास भाव होता. बऱ्याच संगणक कंपन्या या मर्यादेहून जास्त देतात. पण हे आकडे ऐकून हुरळून जाऊ नका बरं का! तिथे एका खोलीचे भाडेच शहराप्रमाणे तीनशे-चारशे युरो, कुठे कुठे त्याच्याही वर असते. उमेदवाराचे पोट कसेबसे भरते, इतकेच.

तो शिकतो काय? आरंभी अगदी साधे. नवीन संगणक उघडून बसवायचा. तारा जोडायच्या. "माझे छपाईयंत्र चालत नाही" अशी कचेरीतल्या बाईंची तक्रार आली, की जाऊन पाहायचे. रोजच्या नोंदींची दुसरी प्रत काढून ठेवायची, म्हणजे यंत्र बिघडले तरी माहिती जात नाही. मग हळूहळू प्रोग्रॅमिंग, माहितीचे कोठार रचणे, चोरांपासून तिचे रक्षण करणे. शाळेत याच्या जोडीला व्यापाराचा हिशेब, जर्मन भाषा आणि नागरिकशास्त्रही असते.

यातल्या तीन गोष्टी मला शिक्षक म्हणून फार आवडल्या.

शिकवणारा कारागीर कितीही हुशार असला, तरी शिकवायचे कसे याची परीक्षा त्याला द्यावी लागते. आपल्याला काम येणे निराळे आणि दुसऱ्याला शिकवता येणे निराळे, हे त्या लोकांनी ओळखले आहे.

दुसरी गोष्ट वहीची. या आठवड्यात मी काय केले, काय शिकलो, हे प्रत्येक उमेदवाराला एका वहीत लिहावे लागते. शिकवणारा त्यावर सही करतो. ही वही पूर्ण नसेल तर शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे नुसते झाडू मारायला लावून तीन वर्षे काढली, असे मालकालाही करता येत नाही. वही बोलते ना!

तिसरी गोष्ट परीक्षेची. ती कंपनी घेत नाही आणि शाळाही घेत नाही. त्या भागातले उद्योग आणि व्यापार मंडळ ती घेते. परीक्षकांत मालकांचा माणूस असतो, कामगारांचा असतो आणि एक शिक्षक असतो. निम्मी मुदत झाल्यावर परीक्षेचा पहिला भाग, शेवटी दुसरा. शेवटी उमेदवाराला एक खरे काम पुरे करून दाखवावे लागते. जोडणीच्या शाखेला त्यासाठी 40 तास मिळतात, प्रोग्रॅम लिहिणाऱ्या शाखेला 80 तास. मग त्या कामाचा लेखी वृत्तान्त द्यायचा आणि परीक्षकांसमोर उभे राहून ते समजावून सांगायचे. नापास झाला तर आणखी दोन वेळा बसता येते. पास झाला की मंडळाचे प्रमाणपत्र मिळते. ते साऱ्या देशात चालते. मग तो सीरियाचा की सांगलीचा, हे कोणी विचारीत नाही. त्याचा कागद आता जर्मन कागद झालेला असतो.

या उमेदवारीला पदवी लागत नाही. खरे म्हणजे कायद्याने अमुक इयत्ता पास हवी, असेही नाही. कोणाला घ्यायचे ते कंपनी ठरवते. पण संगणकाच्या जागांवर चांगले शिकलेली जर्मन मुलेही अर्ज करतात, म्हणून चुरस असते. गणित आणि इंग्रजी कच्चे असणाऱ्याला जागा मिळणे अवघड, हे सांगून ठेवतो.

थांबण्याची किंमत

2016 साली जर्मनीने एक कायदा केला. ज्याचा आश्रयाचा अर्ज नामंजूर झाला आहे, पण ज्याला लगेच परत पाठवलेले नाही, अशा माणसाने उमेदवारी धरली तर तिची तीन वर्षे आणि पुढे नोकरीची दोन वर्षे त्याला राहू द्यावे, असे त्यात ठरले. काही अटी होत्याच. लोक याला 'तीन अधिक दोन' म्हणू लागले. आज घालवतील की उद्या, या धाकात राहणाऱ्या माणसाला पाच वर्षांचा हिशेब मांडता येणे ही लहान गोष्ट नव्हे.

तरीही पुष्कळ पोरांनी ही वाट धरली नाही. का? समजा, एक वीस वर्षांचा मुलगा आहे. वाटेत माणसे पोचवणाऱ्या लोकांचे कर्ज त्याच्या डोक्यावर आहे. मागे आईबाप आहेत, लहान भावंडे आहेत. मालाच्या कोठारात पेट्या उचलल्या तर त्याला उद्यापासून पुरा पगार मिळतो. उमेदवारीत तीन वर्षे निम्म्याहून कमी पैशांत काढायची. दर महिन्याला घरून फोन येतो, "काही पाठवतोस का?" अशा वेळी तो पेट्या उचलायला जातो. त्याला मूर्ख म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या वर्गातली हुशार मुले ऊसतोडीला गेलेली आपण पाहिली आहेतच. दहा वर्षांनी उमेदवारीवाला पुढे गेलेला असतो आणि पेट्यावाला तिथेच असतो, हे सगळ्यांना समजते. पण भूक दहा वर्षे थांबत नाही.

म्हणून घरच्यांनी मुलाला परदेशी शिकायला पाठवले, तर तीन वर्षे त्याच्याकडून मनीऑर्डरची वाट पाहू नये. हे आधी घरात बसून बोलून घ्यावे.

भाषेचा डोंगर

इंग्रजी येते म्हणून जर्मनीत भागेल, असे पुष्कळांना वाटते. मोठ्या शहरातल्या काही संगणक कंपन्यांत भागतेही. उमेदवारीत मात्र मुळीच भागत नाही. धंदेशाळा जर्मन भाषेत, पुस्तके जर्मन भाषेत, परीक्षा जर्मन भाषेत.

जर्मन शिकण्याच्या सहा पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिल्या पायरीवर माणूस आपले नाव-गाव सांगतो, भाजीचा भाव विचारतो. तिसऱ्या पायरीवर रोजचे बोलणे-चालणे, पत्र लिहिणे जमते. उमेदवारीच्या व्हिसासाठी, म्हणजे देशात शिरण्याच्या परवान्यासाठी, साधारणपणे ही तिसरी पायरी लागते. धंदेशाळेत नीट समजायला चौथी हवी, असे तिथले शिक्षक सांगतात. नेमाने रोज अभ्यास करणाऱ्यालाही तिसऱ्या पायरीपर्यंत वर्षभर लागेल, असे धरून चालावे. "तीन महिन्यांत जर्मन शिकवून पाठवतो" अशी पाटी दिसली, तर त्या पाटीखालून पुढे चालू लागावे.

तुम्ही स्वतः मोठेपणी अक्षरे शिकलात. नवी अक्षरे डोळ्यांपुढे कशी नाचतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. परकी भाषा शिकणाऱ्याचेही तसेच होते. फरक इतकाच, की त्याला चुकल्यावर हसणारे लोकही परकेच असतात.

संध्याकाळची शाळा

अॅन कायर नावाची डेन्मार्क देशाची बाई बर्लिन शहरात राहत होती. म्हणजे तीही तिथे परकीच. 2015 मध्ये ती निर्वासितांच्या छावणीत गेली. तिथे तिला इराकचा एक तरुण भेटला. तो बगदादमध्ये संगणकाची विद्या शिकलेला होता. पण त्याच्याजवळ संगणक नव्हता. शिकलेले विसरून चालले होते. सुताराच्या हातातून करवत काढून घ्यावी, तशी त्याची गत झाली होती.

त्या बाईने आणि तिच्या सोबत्यांनी 2016 साली बर्लिनमध्ये निर्वासितांसाठी एक शाळा काढली. तिचे नाव रेडी स्कूल. शिकणाऱ्याला फी नाही. शिकवणारे म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांत काम करणारे लोक. दिवसभर नोकरी करून ते संध्याकाळी फुकट शिकवायला येतात. कंपन्यांनी जुने संगणक दिले. पुढे म्युनिक आणि इतर शहरांतही या शाळेच्या शाखा निघाल्या आणि निर्वासितांबरोबर इतर परदेशी लोकही येऊ लागले. स्त्रियांसाठी वेगळे वर्ग निघाले. त्यांत संगणक सुरू कसा करायचा, इथपासून शिकवतात.

या शाळेचा खरा उपयोग कशात आहे? माझ्या मते धड्यांपेक्षा ओळखीत. मी आरंभीच म्हटले, की परमुलखात आपल्याविषयी चार शब्द सांगणारे कोणी नसते. इथे शिकवणारा स्वतः कंपनीत नोकरीला असतो. सहा महिने ज्याला शिकवले, त्याच्याविषयी तो आपल्या साहेबाला सांगू शकतो, "हा माणूस कामाचा आहे." जी ओळख गावात फुकट मिळते, ती इथे अशी मिळवावी लागते.

एक गोष्ट आपल्याकडच्या आयाबायांसाठी. पुण्या-मुंबईची पुष्कळ मुले नोकरीवर जर्मनीला गेली आहेत आणि त्यांच्या बायकाही बरोबर गेल्या आहेत. तिथे पगारी नोकरीच्या परवान्यावर राहणाऱ्या माणसाच्या बायकोला नोकरी करण्याची आणि शिकण्याची मुभा असते. घरात बसून खिडकीतून बर्फ पाहत राहणाऱ्या सुनेला या संध्याकाळच्या शाळा, आणि उमेदवारीसुद्धा, मोकळी आहे. उमेदवारीला वयाची वरची मर्यादा कायद्यात नाही. तिशी उलटली म्हणून अडत नाही.

मास्तर नसलेली शाळा

आता जरा नवलाची गोष्ट. 2013 साली पॅरिस शहरात एक शाळा निघाली. तिचे नाव नुसता एक आकडा : बेचाळीस. या शाळेत फी नाही, प्रवेशाला प्रमाणपत्र लागत नाही आणि मास्तरही नाहीत! शिकणाऱ्यांना एकामागून एक कामे दिली जातात. ती ज्याने त्याने, किंवा शेजाऱ्याला विचारून सोडवायची. केलेले काम तपासतात तेही बरोबरीचे विद्यार्थीच. प्रवेशाआधी चार आठवड्यांची कसोटी असते. तिला तलाव म्हणतात. पोराला विहिरीत ढकलून पोहायला शिकवतात ना, तसे हे. रविवारसुद्धा सुटत नाही. जो तरतो तो आत येतो.

2021 मध्ये जर्मनीत हाइलब्रॉन आणि वोल्फ्सबुर्ग या गावी या शाळेच्या शाखा निघाल्या. आयुष्य फळ्यापुढे गेलेल्या माझ्यासारख्याला मास्तर नसलेली शाळा पचायला जड जाते. पण तिच्यातले एक तत्त्व खरे आहे. दुसऱ्याला समजावून सांगताना आपलेच ज्ञान पक्के होते. ही शाळा विद्यापीठाची पदवी मात्र देत नाही. ज्याच्या पाठीशी थोडे पैसे आहेत आणि ज्याला आपले आपण शिकण्याची सवय आहे, त्याला ती बरी. ज्याला हात धरून शिकवावे लागते, त्याने उमेदवारीच धरावी.

याशिवाय बर्लिनसारख्या शहरात दोन-तीन महिन्यांत प्रोग्रॅमिंग शिकवणारे खाजगी वर्ग आहेत. फी हजारो युरो. तिथल्या रोजगार कचेरीत बेकार म्हणून नाव असेल, आणि तिथल्या अधिकाऱ्याला पटले, तर ही फी सरकार भरते. स्वतःच्या पैशाने, कर्ज काढून, या वर्गात जाऊ नये असे मला वाटते. तीन महिन्यांत शेतकरी होत नाही. प्रोग्रॅमर तरी कसा होईल?

ज्याला काम येतेच, त्याच्यासाठी

मार्च 2024 पासून जर्मनीने आणखी एक दार उघडले. गेल्या पाच वर्षांत निदान दोन वर्षे संगणकाचे जाणते काम केलेले असेल आणि जर्मनीतली कंपनी ठरलेल्या पगारावर घ्यायला तयार असेल, तर पदवी नसली तरी व्हिसा मिळू शकतो. 2025 साली हा पगार वर्षाला निदान 43,470 युरो हवा होता. म्हणजे पुण्यात, नाशकात कुठे तरी काम करता करता शिकलेल्या, पण पदवी न घेतलेल्या मुलाला ही वाट आहे. नुसता शिकून आलेला आणि काम न केलेला मुलगा यात बसत नाही.

जून 2024 पासून संधिपत्र म्हणून एक परवाना निघाला. तो घेऊन वर्षभर जर्मनीत राहून नोकरी शोधता येते. त्यासाठी पदवी किंवा निदान दोन वर्षांचे सरकारमान्य धंदेशिक्षण लागते. इथे आपल्या लोकांची गफलत होण्यासारखी आहे. आय.टी.आय.मधला कोपा हा संगणकाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. तो या अटीत बसत नाही. इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा आहे, पण त्याचीही जर्मनीच्या कचेरीकडून पडताळणी करून घ्यावी लागते. शिवाय वर्षभराच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. 2025 साली ती महिन्याला 1,091 युरो, म्हणजे वर्षाला तेरा हजार युरोंच्या वर होती. रुपयांत तेरा लाखांच्या घरात. नोकरी मिळेलच, अशी हमी मात्र कोणी देत नाही.

आणि नोकऱ्यांचेही दिवस पालटतात. जर्मनीतल्या संगणक कंपन्यांच्या बिटकॉम या संघाने 2023 साली 1,49,000 जागा रिकाम्या असल्याचे सांगितले होते. 2025 साली तोच आकडा 1,09,000 वर आला. अजून जागा आहेत, पण कंपन्या अनुभवी माणूस मागतात. नवशिक्याला पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

आपल्या गावातून कोणी निघाला तर

मुंबई आणि जर्मनीतले श्टुटगार्ट या शहरांची 1968 पासून मैत्री जाहीर झालेली आहे. श्टुटगार्ट ज्या राज्याची राजधानी आहे, त्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये कुशल माणसे पाठवण्याचा करार केला. त्यात भर आहे तो परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक, स्वयंपाकी अशा कामांवर. संगणकाच्या उमेदवारीची जागा मुलाला स्वतः अर्ज करून शोधावी लागते. उमेदवारीची सुरुवात बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात होते आणि अर्ज वर्षभर आधी पाठवावे लागतात. पन्नास अर्ज पाठवले आणि दोन उत्तरे आली, तरी नशीब समजावे.

खर्च कशाकशाचा येतो ते पाहा. जर्मन भाषेच्या वर्गाची आणि परीक्षेची फी. पुण्याला आणि मुंबईला मॅक्सम्युलर भवनात हे वर्ग आणि परीक्षा होतात. कागदांचे भाषांतर. व्हिसाची फी 75 युरो. विमानाचे तिकीट. पहिल्या महिन्याचे भाडे आणि अनामत रक्कम. उमेदवाराचा पगार तिथल्या खर्चाला पुरत नसेल, तर उरलेल्या पैशाची तरतूद.

कंपनी उमेदवाराला घेते त्याबद्दल ती त्याच्याकडून पैसे घेत नाही. ती पगार देते. मग "जागेचे सहा लाख द्या" असे कोणी म्हणाला, तर ते पैसे कोणाच्या खिशात जातात, हे तुम्हीच ताडा. परदेशी नोकरीला माणसे पाठवणाऱ्या दलालाला 1983 च्या कायद्याप्रमाणे सरकारात नोंदणी करावी लागते. त्याने घ्यायची फी सरकारने 30,000 रुपये आणि वर कर, इतकीच ठरवली आहे. त्याला नोंदणीचा क्रमांक विचारा. पैसे रोख देऊ नका. पावती घ्या. आणि विहिरीजवळचा तुकडा विकण्याआधी हे सगळे एकदा वाचता येणाऱ्या चार माणसांत बसून वाचा.

उमेदवारीचा करार हातात आला, की त्यात कोणता धंदा, किती मुदत, दरमहा पगार किती, वर्षाला रजा किती आणि चाचणीचे महिने किती, हे पाहा. चाचणीची मुदत एक ते चार महिने असते. तेवढ्यात मालक काढून टाकू शकतो किंवा मुलगा सोडून येऊ शकतो. त्यानंतर सबळ कारणाशिवाय मालकाला काढता येत नाही. असा प्रत्येक खरा करार त्या भागातल्या उद्योग आणि व्यापार मंडळाच्या दप्तरी नोंदवावा लागतो. मंडळाचा पत्ता कंपनीकडून नव्हे, तर निराळा मिळवावा आणि कंपनीचे नाव, गाव, धंदा लिहून विचारावे, की ही कंपनी तुमच्याकडे उमेदवार घेणारी म्हणून माहीत आहे काय. पत्र मुलाने स्वतः लिहावे, आणि जर्मनमध्ये लिहावे. तेवढे लिहिता आले, म्हणजे तो भाषेच्या कोणत्या पायरीवर आहे हेही घरच्यांना कळेल.